मिरजेहून आणलेल्या बरगड्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे म्हणाल, तर काँग थेरेसाचे. काँग म्हंजी तिकडं शिलाँगला थोरल्या बहिणीला म्हणत्यात. आईबापाचे उपकार हायतच, पण परक्या माणसानं एवढा जीव लावला तो तिनंच. आमी जतकडचे, मेंढरंवाले. बाप लवकर गेला, आयनं मेंढरांमागं फिरून मला शिकवलं, भावकीत बी.कॉम. झालेला मीच पयला. बँकेची परीक्षा पास झालो आणि पहिलीच नेमणूक शिलाँगला. नकाशात बघितलं तवा बोट पार दुसऱ्या टोकाला गेलं.

तिथं मी काँगच्या घरी वरच्या खोलीत राहायचो, खाली तिची छोटी खानावळ. नवरा न्हवता, एक लहान पोरगी, डेझी. पहिल्याच दिवशी काँगनं मला चुलीपाशी नेलं आणि सांगितलं, बिरू, या पातेल्यात डुक्कर हाय, तुमची लोकं खात नसतील, तुझी डाळ मी वेगळ्या भांड्यात करीन. आणि काय सांगू तुम्हाला, ते भांडं तिनं खिळ्याला वेगळं टांगून ठेवलं, कवा बोलून दाखवलं न्हाई. मला टायफॉईड झाला तवा तीच उशाशी, तीच पेज भरवायची, माझ्या आयला फोनवर हिंदीत सांगायची, तुमचा बेटा माझा बेटा. आयला हिंदी येत न्हाई, पण आय रडायची.

बरा झालो आणि भूक अशी लागली की काय सांगू. खालून वास यायचा. बरगडीचे तुकडे आलं घालून उकडायचे, तळायचे, मग साखरेचा पाक लालसर करून त्यात लसूण, व्हिनेगर, अननसाच्या फोडी, आणि रस तुकड्याला चिकटंपर्यंत हलवत राहायचं. एक दिवस मीच ताट पुढं केलं. मला कुणी फसवलं न्हाई, मी माझ्या तोंडानं मागितलं. मग बदली होईपर्यंत एकाच टेबलावर जेवलो आणि करायलाबी शिकलो.

बदली होऊन इकडं आलो, लग्न झालं, कराडजवळ मलकापुरात फ्लॅट घेतला, आयला आणलं. बायकोला सुरेखाला एकदा सांगितलं होतं, ती म्हणाली, सांगितलंत तेवढं पुरे, आता आत्यास्नी सांगू नका. आयला न्हाई सांगितलं.

यंदा डेझीला कराडच्या बाजूला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. तिला होस्टेलवर सोडायला काँग आली आणि दोन दिवस आमच्याकडं राहिली. मी तिला फोनवर कबूल केलं होतं, तुमी शिकवलेलं माझ्या हातानं करून घालीन. शनिवारी मिरजेला जाऊन बरगड्या आणल्या, स्टीलच्या डब्यात बर्फ घालून, डबा मांडीवर. एसटीत कंडक्टरनं सहज विचारलं, डब्यात काय हाय पावनं? मी म्हणालो, औषध हाय, थंड ठेवायचं. बघा, तिथनंच सुरू झालं.

सुरेखा म्हणाली, आवं, माझ्या ओट्यावर न्हाई हं, गच्चीवर करा. तसं आमच्याकडं मटणबी बाहेरच करत्यात, त्यात काय वाटायचं? छोटा सिलिंडर वर नेला, नवं पातेलं घेतलं. साखरेऐवजी कराडचा गूळ घातला. काँग जवळ बसून सांगायची, आच कमी कर बिरू, गूळ करपंल. लय खूश होती. म्हणाली, माझ्यापेक्षा चांगला रंग आला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाळलेले कपडे काढायला आल्या. भावजी, आज मटण व्हय? घमघमाट सुटलाय. मी म्हणालो, व्हय, मटणच. आता आमच्यात एकाच्या घरी मटण शिजलं की शेजारी वाटी जाणारच, आमच्या दोन घरांत दर रविवारी जातीय. ठाऊक असून त्या घडीला डोकंच चाललं न्हाई. वहिनी हसत हसत वाटी घेऊन परत वर. काँगला काय, शेजारीण आली, वाटी पुढं केली, तिनं चांगले तुकडे निवडून वाटी भरली, वर अननसाची फोड ठेवली.

मी ती वाटी तिच्या हातातनं ओढून घेतली. रस तिच्या अंगावर सांडला. वहिनींना म्हणालो, हे आमचं न्हाई वहिनी, डुकराचं हाय, ह्या लोकांचं, आमी हात लावत न्हाई.

वहिनींनी पदर नाकाला लावला. आगं आई गं, आणि मला मटण म्हणून सांगितलंत व्हय भावजी? वाटी न घेताच खाली गेल्या. काँगला मराठी कळत न्हाई, पण माझं बोट तिच्याकडं होतं, ते कळायला भाषा कशाला लागतीय? म्हणाली, कोई बात नहीं बिरू, मैं इधर ही खाती हूँ. टाकीच्या सावलीला पोत्यावर बसली, ताट मांडीवर घेतलं आणि एकटी जेवायला लागली. आणि मी काय केलं? घासलेलाच डाव परत घासत बसलो.

खाली वहिनींनी कालवा केलेला आयनं ऐकला. गुडघे धरत जिना चढून वर आली, हातात ताटली, भाकरी आणि ठेचा. मला वाटलं आता काय खरं न्हाई. पण आय जाऊन काँगच्या शेजारी बसली. काँगच्या ताटातलं तिनं काय घेतलं न्हाई, आपली भाकरी मोडली. मला म्हणाली, पावनी एकटी जेवतीया आन तू भांडी घासतोयस व्हय रं? मग काँगनं न शिजवलेल्या अननसाची फोड पुढं केली ती आयनं खाल्ली, आंबट लागली म्हणून तोंड वाकडं केलं, दोघी हसायला लागल्या. तरीबी मी उठून त्यांच्यात बसलो न्हाई. खालून कोण बघतंय का, तेच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी काँग गेली. स्टेशनवर माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, म्हणाली, बारीक झालास. वहिनींचे मालक रिटायर सुभेदार, त्यांनी जिन्यात गाठलं, हळूच म्हणाले, गड्या, डुकराचे चाप होते व्हय? फौजेत लय खाल्लेत. हिला बोलू नको. ते हसले, मला हसू आलं न्हाई. वाटी वहिनींनी अजून नेली न्हाई.

फोनवर तोंड उघडंना, म्हणून पत्र लिहिलं. हिंदीत लिहिलं, तुम्हाला मराठीत सांगतो.

काँग, नमस्कार. त्या दिवशी शेजारणीला मी काय सांगितलं ते तुम्ही विचारलं नाही. मी सांगितलं, हे आमचं नाही, ह्या लोकांचं आहे. तुम्ही माझं भांडं वेगळं ठेवलंत ते माझा मान राखायला, आणि मी तुमचं ताट वेगळं केलं ते माझी लाज राखायला. मला माफ करा असं लिहायचं धाडस होत नाही. आई रोज विचारते, पोरगी होस्टेलात काय खाते? या रविवारी डेझीला जेवायला बोलावलंय. सुरेखा अजून गच्चीच म्हणते, तर गच्चीवर करीन, पण डेझीच्या ताटाला लागून माझं ताट असेल. आज मिरजेला जाऊन आलो. कंडक्टर तोच होता. डबा बघून म्हणाला, औषध व्हय? मी म्हणालो, नाही, डुकराच्या बरगड्या आहेत, माझ्या बहिणीनं शिकवल्यात. तो सरकून उभा राहिला. मी डबा मांडीवरच ठेवला. तुमचा बिरू.