याला दोन बाजू आहेत

आई : अगं, पण वर्गावरचा पाठ झाला की नाही, एवढं तरी सांग. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसलीयेस.

मुलगी : झाला.

आई : मग? कार्यशाळेच्या मॅडम काय म्हणाल्या?

मुलगी : मला काहीच म्हणाल्या नाहीत. तेच तर.

आई : मुलं गप्प बसली असणार. बजावलं होतं तुला, आदल्या दिवशी वर्गात जा, कोणी काय बोलायचं ते घोटून घे. अख्खा जन्म शाळेत काढला मी. तपासणीला कधी तोंडघशी पडले नाही.

मुलगी : घेतलं होतं घोटून. तू म्हणालीस तसंच.

आई : मग माशी शिंकली कुठे?

मुलगी : आई, कार्यशाळा कशाची होती? मुलांना विचार करायला कसं लावायचं, याची. मॅडम रोज तेच सांगत होत्या. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही असा प्रश्न विचारा. मूल अडखळलं तर थांबा, त्याच्या तोंडात उत्तर कोंबू नका. आणि मी काय केलं? तिसरीच्या पोरांकडून विचारसुद्धा पाठ करून घेतले.

आई : बरं, पुढे बोल.

मुलगी : दोन चित्रं होती. एकात मैदान, मुलं खेळताहेत. दुसऱ्यात त्याच मैदानावर दवाखाना. मैदान गेलं आणि दवाखाना आला, हे बरोबर झालं का, असा प्रश्न. पुढच्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी बसते, दोन वेण्यांवाली. तिला सांगून ठेवलं होतं, तू उठायचं आणि म्हणायचं, ‘बाई, याला दोन बाजू आहेत.’

आई : वाक्य झकास आहे.

मुलगी : मागे माझ्याबरोबरचे सगळे होणारे शिक्षक, मॅडम खिडकीपाशी. चित्रं अजून पिशवीतच होती. मी आपलं सुरुवातीला विचारलं, ‘आज कोण आलं नाही रे?’ तर ही ताडकन उठली. ‘बाई, याला दोन बाजू आहेत.’

आई : अगं बाई! थांब, थांब... कोण आलं नाही, याला दोन बाजू! हसू आवरत नाही गं मला.

मुलगी : मागे बसलेलेही असेच हसले. एकजण तर बाकावर डोकं टेकून हसत होता.

आई : हसू देत. हसण्यावारी न्यायचं आपणही. एवढं काय मनाला लावून घेतेस?

मुलगी : मॅडम हसल्या नाहीत. उठून तिच्याजवळ आल्या, खाली वाकल्या आणि म्हणाल्या, ‘छान. आणि तुला स्वतःला काय वाटतं?’

आई : मग?

मुलगी : ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ते बाईंनी अजून सांगितलं नाही.’ आता का नाही हसत?

आई : चहा टाकू का थोडा?

मुलगी : नको. ऐक पुढचं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हं. आणि मी बोलून गेले, ‘मी काही शिकवून ठेवलं नव्हतं मॅडम. या मुलीला पाठांतराची सवयच आहे. घरचे घोकून घेत असतील.’

आई : असं म्हणालीस? तिच्यासमोर?

मुलगी : तिच्यासमोर. आणि ती मान डोलवून म्हणाली, ‘हो मॅडम, मला सवय आहे.’ आठ वर्षांची पोर आई, आणि मला सांभाळून घेत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पाठ पुढे रेटला. चित्रं लावली, प्रश्न विचारला. एकाही मुलाचा हात वर आला नाही. ती तर पूर्ण वेळ बाकाकडे बघत होती.

आई : सुटल्यावर भेटलीस तिला?

मुलगी : फाटकात उभी होती, वडिलांची वाट बघत. मला म्हणाली, ‘बाई, माझं चुकलं का?’

आई : मग जवळ घ्यायचंस की! सांगायचंस, नाही गं राणी, माझं चुकलं.

मुलगी : तेवढ्यात मागून बाकीचे येत होते. मी म्हटलं, ‘पुढच्या वेळी नीट ऐकून बोलत जा.’

आई : अरेरे! काय केलंस हे.

मुलगी : बोल, अजून बोल.

आई : काय बोलू? उद्या शेवटचा दिवस. प्रमाणपत्र हातात घे आणि मग निवांत त्या पोरीला... फोन कोणाला लावतेस?

मुलगी : मॅडमना.

आई : प्रमाणपत्र जाईल. नोकरीच्या मुलाखतीला काय दाखवशील? नीट विचार कर.

मुलगी : विचार करत बसले तर फोन होणार नाही.

आई : ऐकत नाहीस ना? मग स्पीकर लाव. मलाही ऐकू दे.

(फोन स्पीकरवर.)

मॅडम : बोला.

मुलगी : मॅडम, मी दुपारी खोटं बोलले. ते वाक्य मीच शिकवलं होतं. सगळ्याच मुलांना उत्तरं देऊन ठेवली होती.

मॅडम : कळलं होतं मला.

मुलगी : मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?

मॅडम : थांबले होते. तुम्ही सांगाल म्हणून. हा पाठ धरता येणार नाही. पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा घ्यावा लागेल. प्रमाणपत्रही तेव्हाच.

मुलगी : हो मॅडम.

मॅडम : आणि ती मुलगी?

मुलगी : सकाळी लवकर जाते. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगते, की...

मॅडम : आळ घेतलात तो एकटीला बाजूला घेऊन?

मुलगी : नाही. सगळ्यांसमोर.

मॅडम : हं.

मुलगी : सगळ्यांसमोर सांगते. वर्गासमोर. मागे बसले होते त्यांच्यासमोरही.

मॅडम : पहिल्या तासाला मी सगळ्यांना वर्गात बोलावते.

मुलगी : मॅडम, कसं सांगू? म्हणजे, सुरुवात काय करू?

मॅडम : ते मी सांगणार नाही. ठेवते.

आई : बाई कडक आहे.

मुलगी : माझ्याशी बऱ्याच मऊ वागल्या.

आई : ऐक ना. मी येते उद्या.

मुलगी : तू कशाला?

आई : घोटून घे म्हणून मीच मागे लागले होते ना? तसं सांगेन त्यांना. तेवढाच तुझा भार हलका होईल.

मुलगी : नको आई.

आई : अगं, मला काय लाज त्याची? माझी नोकरी संपली आता.

मुलगी : म्हणून नाही. तू तिथे असलीस ना, तर मी तुझ्याकडे बोट दाखवून मोकळी होईन.