पुसलेलं दिसण्याची सोय

चाचणीवाला : ...नाही हो काकू, मी विमा विकत नाहीये. तुमच्या मेसेजच्या साइटवर आम्ही एक नवी सोय दिली होती ना? समोरच्याने लिहून न पाठवताच पुसलेलं तुम्हाला दिसायचं. सगळ्यांना देण्याआधी थोड्याच लोकांवर चाचणी. त्यात तुम्ही होतात.

काकू : होतात म्हणजे? मी अजून आहे.

चाचणीवाला : तुम्ही आहात. सोय जातेय. आज संध्याकाळी बंद.

काकू : का रे? चांगली आहे की!

चाचणीवाला : भांडणं लागली. एका बाईंना नवऱ्याने पुसलेलं दिसलं, ते गृहस्थ सध्या गॅलरीत झोपतात. एकाने राजीनामा लिहून पुसला, साहेबांनी तो मंजूर केला.

काकू : बरं केलं.

चाचणीवाला : तसं कळवतो वर. आता आमचा ठरलेला प्रश्न. सोय कितपत उपयोगी पडली? फार, बरी, की अजिबात नाही?

काकू : माझा मुलगा बोलतो माझ्याशी त्यावर.

चाचणीवाला : हा पर्याय नाहीये काकू.

काकू : त्याचे बाबा गेले त्याच आठवड्यात आमचं वाजलं. तेव्हापासून ना फोन, ना मेसेज. पण सकाळी चहाच्या वेळी त्या चौकोनात लिहितो, 'आई, गुडघा कसा आहे?' आणि पुसतो. बापावर गेलाय. माघार म्हणून घ्यायची नाही.

चाचणीवाला : आणि तुम्ही?

काकू : मी लिहिते, 'बरा आहे रे, जिने तेवढे होत नाहीत.' आणि मीपण पुसते. मी तरी का नमतं घेऊ? काल विचारत होता, 'बाबांचा चष्मा ठेवलायस का?' म्हटलं, 'ठेवलाय. रविवारी ये, घेऊन जा.' पुसलं. येईल बघ. गादी उन्हात टाकलीय मी.

(चाचणीवाला चाचणीतल्या लोकांची यादी पुन्हा तपासतो.)

काकू : गेलास का रे?

चाचणीवाला : आहे. काकू... तुमच्या मुलाकडे ही सोय नाही.

काकू : नाही कशी? त्याचं दिसतं ना मला.

चाचणीवाला : तुम्हाला दिसतं. तुमच्या घरातून चाचणीत तुम्ही एकट्याच. तुम्ही पुसलेलं त्याला कधी दिसलंच नाही.

काकू : एकदाही?

चाचणीवाला : एकदाही नाही.

काकू : तरीच. रोज मेला गुडघ्याचंच विचारायचा. मी चिडायचे, म्हणायचे, सांगितलेलं ऐकतच नाही कार्टा.

चाचणीवाला : काकू, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. आत्ता लिहा, आणि पुसू नका. पाठवून टाका.

काकू : आणि त्याने उत्तर लिहून पुसलं तर?

चाचणीवाला : तर... ते दिसेल तुम्हाला.

काकू : तेच नको. तू आत्ताच बंद कर, बाळा. मग पाठवते.