पृथ्वीसाठी थांबलेला सेकंद

मंडळी, सावरून बसा आणि मला सांगा — सोबतचं माणूस मागे पडलं, तर पुढे गेलेल्यानं काय करावं? "या हळूहळू" म्हणावं? की थांबावं?

ऐका तर! दिल्लीत विश्रामराव केळुस्कर म्हणून गृहस्थ. मूळचे कोकणातले, आणि नोकरी? वेळ सांभाळायची! हसू नका — असते अशी नोकरी! जगाची वेळ कुणा एकाच्या भिंतीवर टांगलेली नसते. देशोदेशींच्या प्रयोगशाळांत अणूंच्या कंपनांवर चालणारी घड्याळं आहेत. त्या सगळ्यांचा मेळ घालून वेळ ठरते. लाखो वर्षांत सेकंद चुकायचा नाही!

असे हे विश्रामराव संध्याकाळी पखवाज वाजवायचे आणि त्यांची पत्नी कुमुदताई भजन गायच्या. पण ताईंना अर्धांगाचा झटका आला. वाचल्या, जीभ मात्र जड झाली. वर्षभरानं गायला बसल्या, तर शब्द उशिरा यायचा. हे समेवर पोचलेले, त्या अजून अर्ध्या ओळीत! विश्रामराव पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. प्रेमानंच हो! शेवटी ताईंनी टाळ खाली ठेवले. म्हणाल्या, "तुम्ही वाजवा. मला नाही जमत आता."

घर मुकं झालं, मंडळी.

वर्षअखेर आली. आता गंमत बघा — ती घड्याळं चोख, पण आपली धरणीमाय? फिरता फिरता जराशी रेंगाळते! मग विद्वान तिला दटावतात का? छे! कधीमधी एक जादा सेकंद घालतात. अख्ख्या जगाची घड्याळं तिच्यासाठी थांबतात! त्या वर्षी आपल्या देशाच्या घड्याळात तो सेकंद घालायचं काम विश्रामरावांकडे होतं. आधीही केलेलं. पण नव्या वर्षाच्या त्या पहाटे आकडा क्षणभर अडला, पुढे सरकला, आणि ते तसेच बघत राहिले.

घरी येऊन त्यांनी पखवाज पुढ्यात ओढला. ताईंनी विचारलं, आता कशाला?

"तू म्हण. मी तुझ्या मागून येतो."

ताई गायल्या. मध्येच अडल्या. विश्रामरावांचा हात पखवाजावर तसाच अधांतरी! शब्द सुचवला नाही, मान हलवली नाही. शब्द आला — मग थाप पडली. एक अभंग होईपर्यंत चहा गार झाला!

ताईंनी हळूच विचारलं, "चुकलं ना?"

"नाही. वेळेवर आलीस."

आता तुम्ही सांगा — घरी आई शब्द शोधत असते, तेव्हा वाक्य कोण पुरं करून टाकतं? आज जा, समोर बसा, तिचा शब्द तिला सापडू द्या. मागून येणाऱ्यांसाठीच तर तो विटेवर थांबलाय! बोला, थांबणाऱ्या विठुरायाचा जयजयकार!