अव्वाच्या हातची टोपी

(लातूरमधल्या एका घराचं मागचं अंगण. दुपार. जया खानावळीचे डबे घासते आहे. गुरम्मा नुकत्याच गावाहून आल्या आहेत.)

गुरम्मा: तारेला लटकून राहिलंय ते काय हाय?

जया: टोपी.

गुरम्मा: कुनाची?

जया: घरात अंपायर एकच आहे, अव्वा.

गुरम्मा: तू धुतलीस?

जया: हाव. सकाळीच. म्हटलं, एसटीचे धक्के खात येता, वर पुन्हा ते काम. आज तुमचा त्रास वाचवला.

गुरम्मा: मला तरास हुतोय म्हनून मी कधी बोलले?

जया: नाही बोललात.

गुरम्मा: काढ बरं खाली. चिमटा चोचीला लावलास होय? बघू... अगं माय माय! ही चोच बघ की. पापडावानी फुगली. गरम पान्यात घातलीस?

जया: डब्यांसाठी तापवलं होतं, त्यातलंच घेतलं. चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकली. आणि पिळली.

गुरम्मा: पिळलीस! आत पुठ्ठा असतोय ग त्या चोचीत. तो भिजवायचा नसतोय. गार पानी, रिठ्याचा फेस, आन् जुन्या बुरशानं आतली घामाची पट्टी तेवढी घासायची. सावलीत सुकवायची.

जया: मला कुणी सांगितलं होतं? लग्न करून या घरात आले तेव्हापासून त्या टोपीला हात लावू दिलाय का मला?

गुरम्मा: संध्याकाळच्या गाडीनं त्यांना नांदेडला जायचंय. उद्या फायनल. वरची मानसं येनार हायती, मोठ्या मॅचांसाठी अंपायर निवडायला. ठावं हाय न्हवं?

जया: ठाऊक आहे. माझाच नवरा आहे तो.

गुरम्मा: मग?

जया: मग काय! मागच्या महिन्यात बक्षीस समारंभ झाला, तुम्हाला सांगितलं का त्यांनी? मी गेले होते. चांगली साडी नेसून पुढच्या रांगेत बसले होते. ते क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष स्टेजवरून म्हणाले, "सगळ्या अंपायरांत आमच्या पंचाक्षरी सरांची टोपी दुधासारखी. वहिनींची मेहनत दिसते." मी मान खाली घातली लाजून. आणि यांनी माइक घेतला. म्हणाले, "नाही नाही, ती आमच्या अव्वाच्या हातची." अध्यक्षांनी विचारलं, अव्वा म्हणजे तुमच्या आई का? तर म्हणाले, "माझ्या पहिल्या मंडळीची आई."

गुरम्मा: खरं तेच बोलले.

जया: खरं बोलले म्हणूनच लागलं. खोटं असतं तर भांडले असते. सगळा मांडव माझ्याकडं वळून बघून राहिला होता. त्या साडीत मी कुठं तोंड लपवू?

गुरम्मा: म्हनून टोपी नासवलीस?

जया: नासवायला नाही घेतली, देवाशपथ. तुमच्यापेक्षा पांढरी करायची होती. एवढंच.

गुरम्मा: पांढरी झाली खरी. टोपी न्हाई राहिली, पर पांढरी झाली.

जया: बोला, बोला. मी काही म्हणणार नाही. जळकोटची, धर्माबादची, कुठकुठली लेकरं क्लासला लातुरात येतात, त्यांना माझ्या हातचं जेवण गोड लागतं. त्यांच्या आया फोन करून सांगतात, ताई, तुमच्यामुळं पोरगी टिकली. आणि माझ्या घरच्या माणसाला मात्र टोपी तुमच्याच हातची लागते. शाळेत त्यांचा पी.टी.चा तास गणितवाल्यांनी खाल्ला, तेव्हापासून घरी आले की भिंतीकडं बघत बसतात. तुम्ही आलात की मात्र तोंड उघडतं. ऊन किती होतं, बॉल पॅडला कुठं लागला, कोण अंगावर धावून आलं. तुम्ही टोपी घासता, ते स्टुलावर बसून बोलतात. मी चहा घेऊन आले की दोघंही गप्प.

गुरम्मा: तसं काय न्हाई.

जया: तसंच आहे. ती टोपी नसतेच, अव्वा. तुमची नंदाताई असते. तिच्या हातचं काम तुम्ही चालवताय, आणि मी माझ्याच घरात कपबशी घेऊन उभी.

गुरम्मा: नंदाच्या हातचं?

जया: आधी तीच धूत असणार ना.

गुरम्मा: माझ्या नंदानं टोपीला कधी हात लावला न्हाई.

जया: म्हणजे?

गुरम्मा: सवत म्हनायची टोपीला. लगीन झालं तसं दर आयतवारी हे मॅचला. आज उदगीर, उद्या निलंगा. ती घरात एकली. यायची तनतनत माझ्याकडं, एका गल्लीच्या अंतरावर तर घर हुतं. एकदा टोपी घिऊन चुलीपाशी गेली. घालते म्हनली जाळात. मी हिसकून घेतली. म्हटलं, नको, त्याचं मन मोडू नको, दे इकडं, मी धुते. तवापासनं माझ्याकडं हाय हे काम. टोप्या बदलल्या, काम तेच.

जया: मला वाटायचं... यांनी कधी सांगितलं नाही.

गुरम्मा: मेलेल्या बायकोचं भांडन कोन सांगतंय? गनपती बुडवायच्या दिवशीबी भांडली. म्हनली, आजच्या दिवस थांबा. हे न्हाई थांबले. नांदेडला मॅच हुती. दुसऱ्या दिवशी पहाटं भुई हलली, घरं पडली. मी अंगनात निजले हुते म्हनून वाचले, हे नांदेडला हुते म्हनून वाचले. ती घरात हुती.

जया: अव्वा, बसा. पाणी घ्या.

गुरम्मा: नको. ऐक. तू म्हनतीस, नंदासाठी धुते. नंदाला काय करायची टोपी? मी माझ्यासाठी धुते. लेक गेली की जावई परका, जया. सनाला बोलावनं न्हाई, बाळंतपन न्हाई, कशाचंच नातं न्हाई. सरकारनं नवं गाव बांधून दिलं, घर दिलं. त्या घरात मला कुनी हाक मारत न्हाई. हितं आलं की "अव्वा आल्या का" म्हनतात. टोपी हाय म्हनून मी या उंबऱ्याच्या आत येते. तीबी तू काढून घितलीस, तर काय म्हनून येऊ?

जया: मी तसं मनात आणून नाही केलं.

गुरम्मा: ठावं हाय. पर माझ्याबी मनातलं ऐक आता. तुझ्या हातातल्या बांगड्या बघते, मला नंदाचं मनगट दिसतंय. तुझ्या दाराम्होरं डब्यांची रांग बघते, म्हनते, ही रांग माझ्या लेकीच्या दारात लागली असती. तू हसलीस की मनात येतंय, हे हसू माझ्या नंदाचं हुतं. तुझं वाईट व्हावं असं न्हाई, खंडोबाची आन. पर येतंय. दर खेपंला येतंय.

जया: आणि मी रोज म्हणते, ही म्हातारी कधी यायची बंद होईल.

गुरम्मा: म्हन की. मी काय कमी म्हनते?

जया: तोंड पुसा. ते चार वाजता शाळेतून येतील. या चोचीचं काय करायचं?

गुरम्मा: शिवन उसव. पुठ्ठा काढून टाकू. दुसरं कायतरी ताठ पायजे आत.

जया: वरच्या खोलीत भाड्यानं राहतात त्या पोरींनी क्लासची जुनी फाईल टाकलीय. प्लास्टिकचं कव्हर आहे, वाकतं पण मोडत नाही.

गुरम्मा: आन. हा जुना पुठ्ठा त्यावर ठिवून कापायचा. सुई मी घेते. दोरा तू ओव, मला न्हाई दिसत.

जया: इथं कापू?

गुरम्मा: जरा भाईरून. गोलाई ठेव. हां, तसं. हात चांगला हाय तुझा.

जया: माझी आई अहमदपूरला शिवणकाम करायची.

गुरम्मा: कधी बोलली न्हाईस.

जया: तुम्ही कधी विचारलं नाहीत.

गुरम्मा: धर इकडून. घट्ट धर, शिवते. आता पितळी तांब्यावर पालथी घाल आन् पंख्याखाली ठेव. पिळू नको माय आता.

जया: नाही पिळत.

(चार वाजता पंचाक्षरी शाळेतून येतात.)

पंचाक्षरी: अव्वा आल्या का? चप्पल दिसली दारात. टोपी झाली? मला लगेच निघायचंय.

गुरम्मा: हाय तांब्यावर. जरा वल्ली असंल.

पंचाक्षरी: चालतंय, गाडीत सुकेल. अरे... घट्ट लागून राहिली. आणि ही चोच अशी कडक कशी? अव्वा, नवी आणली का?

गुरम्मा: न्हाई. तीच हाय. कढत पान्यानं आटली.

पंचाक्षरी: कढत पाण्यानं? तुम्ही कधी कढत पाण्यात...

जया: मी...

गुरम्मा: तुमच्या बायकोनं धुतली. पयल्यांदा धुतली, जरा आटली. चोच आम्ही दोघींनी बसवली.

पंचाक्षरी: तुम्ही दोघींनी?

गुरम्मा: का? दोघींनी काम करू ने का? डोक्याला लागतीय का लई?

पंचाक्षरी: लागतीय थोडी. घालून घालून सैल होईल. आरशात बघू द्या. पांढरी मात्र झालीय हो. इतकी कधी नव्हती.

जया: डबा पिशवीत ठेवलाय. पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. उद्या उन्हात उभं राहायचंय, पाणी पीत जा.

पंचाक्षरी: पितो. अव्वा, येतो मी. निवड झाली तर गावात तुमच्या शेजारच्यांकडं फोन करतो. नाही झाली तरी करतो. जया, दार लावून घे.

गुरम्मा: जावा सावकाश.

जया: ... गेले.

गुरम्मा: नावानं हाक मारली तुला.

जया: हाव. एरवी "ऐकलं का" म्हणतात.

गुरम्मा: नंदाला असंच म्हनायचे. दार लावून घे, नंदा.

जया: अव्वा...

गुरम्मा: लागलं मला. लपवत न्हाई.

जया: मला तर गोड वाटलं. मीही लपवत नाही.

गुरम्मा: वाटू दे. माझी गावाकडची गाडी गेली असंल आता.

जया: गेली. सकाळी आहे पुढची.

गुरम्मा: मग अंथरून कुठं टाकू?

जया: आत. माझ्याशेजारी.