वरचा दिवाणखाना बंद हाय

नाही नाही मॅडम, तिकडं नोका जाऊ — जिना वर जाते, पण वर काही नाही पाहासारखं. जे काय हाय ते खालीच हाय. शेठचा नागपूरहून फोन आलता सकाळी, बाबाराव, पुण्याच्या कॉलेजच्या ऋचा मॅडम येऊन राह्यल्या, हवेली नीट दाखवजो. तं दाखवून राह्यलो ना. हा खांब पाहा. बाकी हवेल्याईत खांबाच्या माथ्यावर कमळ राह्यते, इथं काय हाय? बोंड! उकललेलं कापसाचं बोंड. शेठचा आजा जिनिंग चालवे, अठ्ठावीस साली बांधली त्यानं ही. कारागिराले म्हणे, कमळ कोणाच्या वावरात पिकते रे इथं? बोंड कोर. चोवीस खांब, चोवीस बोंडं, एकासारखं दुसरं नाही. सागवान पांढरकवड्याकडच्या जंगलातलं, गिलाव्यात गूळ अन् बेलफळाचं पाणी. टेप आणला ना तुमी? मोजा मंग. निवांत मोजा. इथंच मोजा.

आवाज? कोणता? ते कबुतरं हायेत वर, लय झाली कबुतरं — तुमी ती रंगीत काच पाहा, दुपारी तिचा लाल उजेड बराबर या फरशीवर येते. वास? जुन्या घराले वास राह्यतेच बाई. ओल्या गादीवर इस्त्री ठेवल्यावानी? तुमाले बी येते? ...मले वाटलं मलेच येऊन राह्यला. ते छत नोका पाहू. म्हणजे पाहा, नक्षीच्या ठशाचा पत्रा हाय, जहाजातून आलेला — तो डाग ना, तो पावसाळ्यातला हाय. काहून खोटं बोलू, पावसाळ्यातला नाही. काल नव्हता तो. रंगाले फोड बी काल नव्हते.

बसा जरा. नाही, मीच बसतो. कोणाले सांगसान नाही ना? वर कापूस हाय. छतापर्यंत. बाभुळगावले दोन एकर हाय आमचं, त्यातला अन् साळ्याचा. दोन वर्षं झाली भाव पडून, कापूस खरेदीचं केंद्र आज उघडते तं उद्या बंद, अन् आमची खोली मागच्या अंगाले, खाट टाकली का पाय ठेवाले जागा नाही. शेठ वर्षातून एकदा येते दिवाळीले. म्या म्हटलं रिकामाच तं हाय दिवाणखाना. बावीस वर्षं झाडून राह्यलो त्याले. मागच्या जिन्यानं एक एक गाठोडं नेलं, शेवटाले आमी दोघा नवरा-बायकोनं. इथवर बी ठीक होतं. पण उद्या केंद्रावर काटा होणार असं समजलं, तं सांजेले पाणी मारलं म्या. सारेच मारते मॅडम, वजन भरते थोडं. तुमी नोका पाहू तसं माह्याकडं. अन् दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकाले कुलूप! आठ दिवस झाले. ओला कापूस दाबून भरलेला, खिडक्या बंद — कोणाले दिसू नये म्हणून बंद. काल गंजीत हात घातला, तं कोपरापर्यंत तव्यावरच्या भाकरीवानी गरम. आतून उबून राह्यला तो. उघडावं तं वारा लागते, झाकावं तं आतल्या आत पेटते. बंब बोलवला का शेठले समजते, मंग नोकरी बी गेली अन् खोली बी. मले लय भेव लागून राह्यलं.

कबुतरं नाही ते. कबुतराचे पाय असे वाजते काय? सोनूची माय हाय वर. माही बायको. सकाळपासून हातानं कापूस उकरून राह्यली, मोकळा करते, थंडा करते, पदर नाकाले बांधून. दमा हाय तिले. तुमची रिक्षा फाटकात शिरताना पाह्यली अन् म्या — मले काही सुचलंच नाही — तिले म्हटलं, गप बस, पाय वाजवू नोको, मॅडम जाईपर्यंत खोकलू बी नोको. अन् बाहेरून कुलूप घातलं. तुमी कवाड लोटसान म्हणून. हे पाहा किल्ली. किती वेळ झाला तुमाले येऊन? अर्धा घंटा? जास्त?

थांबा. आता वाजून राह्यलं काय वर? नाही ना? तुमाले बी नाही ना? ते... ते गप बसली असन. म्याच सांगतलं ना गप बस म्हणून, ते ऐकते माहं, बावीस वर्षं ऐकलं तिनं — मॅडम, धूर हाय तो? जिन्याच्या फटीतून? तुमी बाहीर व्हा. टेप राहू द्या, बाहीर व्हा, बंबाले फोन करा, शेठले करा, कोणाले बी करा! म्या चाललो वर — किल्ली लागून नाही राह्यली कुलपाले — विमल! ए विमल! गेल्या वं मॅडम, कोणी नाही इथं. खोकल तू. विमल, आवाज कर वं, आता केला तं चालते.