बर्फावरचा झाडू

बरकतपुऱ्याच्या आयएसडी बूथवर त्रिवेणी आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. कॅनडातल्या लेकाशी बोलून एकनाथराव बाहेर आले, तशी पत्नी भामाबाईंनी त्यांना पंख्याखालीच अडवलं.

"झाडतो म्हणाला?"

"हौ. क्लबात. बर्फावर एक जण दगड सरकवतो, अन् आपला हर्षवर्धन पुढं झाडत पळतो."

"अगंबाई! इंजिनियरची नोकरी गेली की काय?"

"नोकरी पक्की आहे. हा खेळ आहे म्हणे."

"झाडण्याचा खेळ? घरी कधी झाडूला हात लावला का त्यानं?"

"झाडलं की दगड लांब जातो म्हणे. मला तरी कुठं कळलं!"

"मग पगार देतात?"

"उलट हाच वर्गणी भरतो."

त्रिवेणीचा नंबर पुकारला गेला, पण तिचे कान इकडेच.

"मलकपेठेच्या पाव्हण्यांना काय सांगायचं? मुलगी द्यायला निघालेत ते."

"खेळतो म्हणून सांगू. झाडूचं नाव नक्को."

"हसत होता का हो?"

"लई हसत होता. दोस्त झालेत म्हणाला."

"दर फोनला 'परत येऊ का' विचारायचा. आज विचारलं?"

"नाही विचारलं."

"बरंच झालं मग."

"हं."

"बरंच झालं ना हो?"