पाठीमागची भिंत

विश्वासराव: आत येत नाही, राजलक्ष्मीबाई. ओट्यावरूनच विचारतो. बऱ्या आहात ना?

राजलक्ष्मी: मला काय धाड भरलीय! आणि मास्तर, वैशाखानंतर आज पहिल्यांदा बोलताय. तेव्हा आलात ते भांडायला.

विश्वासराव: तेव्हा आपल्या दोघांमधली भिंत तापत होती.

राजलक्ष्मी: तेच की. "तुमच्या चुलीपायी माझी खाट भाजते!" आपल्या सगळ्या खासगी बाजार मोहल्ल्यानं ऐकलं.

विश्वासराव: आता चार दिवस भिंत गार आहे.

राजलक्ष्मी: मग खूश व्हा ना!

विश्वासराव: या पौषाच्या थंडीत? अहो, मी रोज सकाळी त्या भिंतीला पाठ लावून बसतो. तुमची चूल सहाला पेटते. वीतभर दगड आहे, ऊब त्यातून सावकाश सरकते, माझ्याकडे पोचायला नऊ वाजतात. चूल विझली तरी दगड दुपारपर्यंत देत राहतो. टेकावंही लागत नाही, समोर बसलं तरी तोंडाला लागते. यायला मध्ये काही लागतच नाही उबेला. दरबारच्या शाळेत तीस वर्षं हेच शिकवलं. कळलं मात्र आमची ही गेल्यावर.

राजलक्ष्मी: आमच्या रमाकांतची बदली झाली, उज्जैनला. सूनही त्याच्याबरोबर गेली. एकटीसाठी खामखा चूल कशाला? स्टोव्हवर मूठभर भात टाकते, बस.

विश्वासराव: असं होय. मला वाटलं...

राजलक्ष्मी: काय, मेले?

विश्वासराव: हो. दोनदा दारापर्यंत येऊन परत गेलो. कडी वाजवायचा धीर होईना.

राजलक्ष्मी: मास्तर, चार दिवसांत मी कुणाशी एक शब्द बोलले नाही. स्टोव्हचा आवाज तेवढा घरात. तो बंद केला की जीव घाबरतो.

विश्वासराव: लाकडं मी आणतो. डाळ-तांदूळही. दोघांचं शिजवायचं तर चूल हवीच ना? तुमचं सोवळं सांभाळा, ताट ओट्यावर ठेवा. मी घरी नेऊन जेवीन.

राजलक्ष्मी: लोक बोलतील.

विश्वासराव: बोलू द्या. कुणीतरी बोलेल तरी.

(दुसऱ्या दिवशी, सकाळी सहा. दोघांच्या खिडक्या उघड्या.)

राजलक्ष्मी: मास्तर! पेटवली हो चूल. तापली का भिंत?

विश्वासराव: इतक्यात कुठली? नऊ वाजतील.

राजलक्ष्मी: मग तोवर पांघरूण घेऊन पडा. गारठाल.

विश्वासराव: नको. बसलोय मी टेकून.